तिरक्या रेघा

२ फेब्रुवारी, रविवार

आज पाच महिन्यांनी जपानचा खण उघडला.

घड्याळजी गेले त्याच आठवड्यात माझा उजवा खांदा आखडला, आणि तेव्हापासून नकाशांच्या कपाटाचे खण ओढणं बंदच होतं. हे कपाट मी निवृत्त होताना कार्यालयाकडून भंगाराच्या भावात घेतलं. रुंद, सपाट, जड खण. सगळ्यात वरच्या खणात जपानचा नकाशा आहे, माझ्याच हातचा. त्यावर जाड पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याला प्रांताप्रांताच्या जागी गोल भोकं. त्या सरकारने सत्तेचाळीस प्रांतांची सत्तेचाळीस चांदीची स्मारक नाणी काढली, हजार येनची, प्रत्येकावर त्या त्या प्रांताचं रंगीत चित्र. माझ्याकडे एकतीस आहेत. सगळी घड्याळजींनी मिळवून दिलेली. लोकांची घड्याळं दुरुस्त करता करता ते कुठल्या तरी दलालाशी पत्रव्यवहार करायचे, आणि रविवारी चहाला आले की खिशातून रुमाल काढायचे. रुमालात नाणं.

नवं नाणं आलं की मी ते भिंगाखाली धरून वहीत त्याचं दहापट मोठं चित्र काढते. दोन्ही बाजू आणि काठ. चौतीस वर्षं नकाशे काढले, हाताला दुसरं काही येत नाही.

आज निगाताचं नाणं उचललं, तो तोकी पक्षी असलेलं, आणि सहज वहीशी ताडून पाहिलं. वहीत काठावरच्या रेघा सरळ उभ्या आहेत. नाण्यावरच्या तिरक्या.

चष्मा पुसून तीनदा पाहिलं. तिरक्याच.

हे माझं नाणं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

सगळी एकतीस तपासली. वहीप्रमाणे बारा नाण्यांचे काठ सरळ रेघांचे, बाकीच्यांचे तिरके. असं का, म्हणून अडीच वर्षांपूर्वी मी घड्याळजींना विचारलंही होतं. डोळ्याला भिंग लावून ते एकेक नाणं बघत बसले. चहा पार गार झाला. मग म्हणाले, "साचे बदलले असतील." त्यानंतर त्यांनी नवं नाणं आणलंच नाही. तब्येत बरी नसायची.

त्या बारांपैकी चार आता तिरकी झाली आहेत. निगाताचा तोकी, शिमानेचं फूल, आओमोरीचं सफरचंद, होक्काइडोचे करकोचे. म्हणजे कुणीतरी माझी खरी नाणी उचलून त्या जागी बनावट ठेवतंय. आणि काम बेताचं आहे, काठ नीट साधलेला नाही.

या घरात माणसं तीन. मी, माझी धाकटी बहीण, आणि दर गुरुवारी माझ्या खांद्याला व्यायाम द्यायला येणारी घड्याळजींची लेक. लेकीचा प्रश्नच येत नाही. मी मीच. उरलं कोण?

४ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटी ऑक्टोबरात आली. तीन सुटकेसा आणि एक शिवणयंत्र घेऊन. मुलीने परदेशी बस्तान मांडलं, नवरा आधीच गेलेला, एवढ्या घरात एकटी काय करू म्हणाली. मी म्हटलं ये. नाही कशी म्हणणार?

पण आल्यापासून तिचं काहीतरी चाललंय. मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी सकाळी दहाला खांद्याला जड पिशवी अडकवून बाहेर पडते. साडेबाराला परत. आज मुद्दाम विचारलं.

"कुठे गेली होतीस?"

"इथेच."

"इथेच म्हणजे कुठे?"

"ताई, मी सत्तावन्न वर्षांची आहे. शाळेत उशीर झाल्यासारखं काय विचारतेस?"

आणि सरळ न्हाणीघरात. जाताना अंगाला वास आला. साबणाचा नाही, अत्तराचा नाही. काहीतरी रसायन, नाकात झोंबणारं. चांदीची पारख रसायनाने करतात असं मी कुठेतरी वाचलंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लेक आली. पोरीच्या हाताला गुण आहे. नोव्हेंबरात मला वेणी घालता येत नव्हती, आता हात डोक्याच्या वर जातो. स्वतःहून आली होती, बापाचं दिवसकार्य आटोपल्यावर दोन महिन्यांनी. "मावशी, तुमच्या खांद्याचं बाबांनी सांगितलं होतं," म्हणाली. त्यांनी कसं सांगितलं असेल कोण जाणे, खांदा तर ते गेल्यावर आखडला. पण दुःखात माणूस काहीबाही बोलतं. एक पैसा घेत नाही.

आधी व्यायाम, मग माझ्या खोलीत पालथं झोपवून गरम पिशवीचा शेक, वीस मिनिटं. "अजिबात हलायचं नाही हं मावशी." मी मुलासारखी ऐकते. ती तोवर बाहेरच्या खोलीत बसते.

आज जाताना तिने वाकून नमस्कार केला. उगाचच. डोळे भरलेले वाटले. बापाची आठवण आली असेल. मलाही येते, पण मी तसं दाखवत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पाचवं गेलं! गिफूचं, पाणकावळे पाळून मासेमारी करतात ते. मंगळवारी पाहिलं तेव्हा रेघा सरळ होत्या. आज तिरक्या.

धाकटी अर्थातच बाहेर.

कुलूपवाल्याला बोलावून खणाला कुलूप बसवून घेतलं. ती परतली तेव्हा तो लाकडाचा भुसा झाडत होता. धाकटीने कुलपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कुणासाठी गं हे?"

"धुळीसाठी."

"धूळ आता किल्लीने उघडते वाटतं," म्हणाली आणि केस पुसत आत गेली. ओले केस. घरातून निघाली तेव्हा कोरडे होते. अंगावर रसायन सांडलं असणार म्हणून धुतले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सोनार वापरतात तसला छोटा वजनकाटा आणला. इतकी वर्षं मी नाण्यांचं वजन केलं नाही, घड्याळजींनी केलं असेल म्हणून. आज केलं आणि डोकं भणाणलं.

पुस्तकात वजन दिलंय एकतीस ग्रॅम आणि वर थोडं. बदललेली पाचही नाणी बरोबर तेवढी भरली. पहिल्यापासून तिरक्या रेघांची एकोणीस आहेत, तीही तेवढीच. पण अजून बदलली न गेलेली, सरळ काठांची माझी सात नाणी, भरली सव्वीस.

म्हणजे बनावट नाणी बरोबर, आणि खरी हलकी?

चोर हुशार आहे एवढं त्यातून दिसतं. वजन साधलंय पठ्ठीने. पण ती सात का हलकी? ती तर माझ्या चित्रांप्रमाणे जशीच्या तशी आहेत, ओरखड्यासकट.

काटा बिघडलेला असणार. दुपारी दुकानात परत नेला. दुकानदाराने त्यावर त्याचं वजनाचं माप ठेवून दाखवलं, बरोबर आलं. म्हटलं, "तुमचं मापच कशावरून खरं?" तो म्हणाला, "आजी, मग देवाघरूनच तोलून आणावं लागेल." आजी! माझं वय एकसष्ट.

पुस्तकात काठाबद्दलही एक ओळ आहे. तिरक्या रेघा, असं लिहिलंय. पुस्तकं छापणारेही चुका करतात. मी स्वतः नकाशांत छपाईच्या चुका शेकड्याने पकडल्यात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज लेकीला सगळं सांगितलं. कुणाशी तरी बोलायलाच हवं होतं. ऐकता ऐकता तिचा चेहरा पांढराफटक पडला. इतका जीव कोण लावतं आजकाल!

"मावशी, तुम्हाला कुणाचा संशय आहे?"

"कुणाचा असणार? घरातल्याच माणसाचा."

"नाही हो. त्या तसं करणार नाहीत."

"तू लहान आहेस. तुला माणसं कळत नाहीत."

ती खाली मान घालून बसली. मग हळूच म्हणाली, "समजा... नाणी बदललीच असतील, पण त्यात तुमचं नुकसान नसेल, तर?" मी म्हटलं, घड्याळजींनी स्वतःच्या हाताने दिलेलं नाणं जाणं, याहून मोठं नुकसान कुठलं? व्यायाम देताना तिचे हात थंडगार होते.

माझं काही बरंवाईट झालं तर, म्हणून किल्ली कुठे ठेवते ते तिला दाखवून ठेवलं. शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली. या घरात विश्वास ठेवावा असं दुसरं आहे कोण?

१५ फेब्रुवारी, शनिवार

कुलूप जागच्या जागी. किल्ली बटणांखाली. आणि इबाराकीचं रॉकेट बदललेलं! सहावं.

डब्यातून किल्ली काढली कुणी? शिवण कोण करतं या घरात? धाकटी.

तरी मी घाई करणार नाही असं ठरवलं. पुरावा हवा. एक बदललेलं नाणं आणि एक माझं, नागानोचं डोंगरांचं, अशी दोन घेऊन बसने तासभर लांबच्या नाण्यांच्या दुकानात गेले. तिथे मला कुणी ओळखत नाही. गल्ल्यामागे एक बुटका माणूस, शर्टाच्या खिशात चार पेनं. दोन्ही नाणी बोटाच्या टोकावर ठेवून वाजवून पाहिली. एकाचा आवाज रेंगाळला, दुसरं 'टक' करून थांबलं. मग भिंग.

"हे अस्सल आहे," म्हणाला. रॉकेट.

"नीट बघा."

"बाई, तीस वर्षं हेच करतोय. आणि हे दुसरं... चांदीचा नुसता मुलामा आहे. कुणी दिलं तुम्हाला?"

मी नाणी उचलली. "ज्यांनी दिलं त्यांच्याबद्दल बोलायची तुमची पायरी नाही," असं सांगून बाहेर पडले. मागून तो "अहो, पावती तरी आहे का?" असं ओरडत होता. घड्याळजींकडे पावती मागायची? रुमालातून आलेल्या वस्तूची?

परतताना बसमध्ये विचार केला. धाकटी आठवड्यातून तीनदा जाते कुठे? याच रस्त्याला नसेल कशावरून? बुटका तिला सामील असेल तर तो उलटंच सांगणार. सगळं जुळतं.

नागानोचं नाणं घरी येईपर्यंत मुठीत होतं. मी ते वाजवून पाहिलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

धाकटी साडेबाराला आली. मी दारातच उभी होते. म्हटलं, पिशवी उघड.

"काय?"

"पिशवी उघड. माझी सहा नाणी गेलीत. मला बघायचंय तू रोज काय नेतेस."

ती हसलीच आधी. मला वाटतं तिला खरंच वाटलं मी थट्टा करतेय. मग हसू विरलं. तिने पिशवी माझ्या हातात दिली नाही; जेवणाच्या टेबलावर उलटी केली. ओला टॉवेल. रबरी टोपी. डोळ्यांना लावायचा निळा चष्मा. काळा पोहण्याचा पोशाख, ओला, मळकट सुतळीसारखा पिळलेला. आणि तलावाचं ओळखपत्र, त्यावर तिचा फोटो, टोपीतला, एखाद्या सोललेल्या अंड्यासारखा.

"पोहायला शिकतेय," ती म्हणाली. "चौथा महिना. तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, या वयात सोंगं कशाला."

खरं आहे. म्हणाले असते.

तिथेच थांबायला हवं होतं. पण माझी जीभ. "मग नाणी कुणी घेतली?" मी म्हटलं. "इथे तू आणि मी सोडून आहे कोण?"

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ओठ उघडले, काहीतरी अगदी जिभेवर आलं होतं तिच्या, मला दिसलं ते. मग तोंड मिटलं. सामान पिशवीत भरलं, एक सुटकेस घेतली आणि मैत्रिणीकडे जाते म्हणून निघाली. जिना उतरताना तिची पावलं शेवटपर्यंत ऐकली.

निर्दोष माणूस गप्प बसतं का?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

घरात आवाज नाही. चहा दोन कप टाकला, एक ओतून दिला. तिचं शिवणयंत्र कोपऱ्यात आहे, त्यावर माझ्या परकराचा अर्धा उसवलेला काठ दुमडून टाचलेला. हे कधी घेतलं होतं तिने?

फोन केला नाही. तिनेही नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जे झालं ते झालं तसं लिहिते.

लेकीने शेकायला झोपवलं. घरात आम्ही दोघीच. पाचेक मिनिटांनी कपाटाचा खण सरकला. तो खण अर्ध्यावर आला की लाकडाला लाकूड घासून कण्हल्यासारखा आवाज होतो. चौतीस वर्षं ऐकलाय, तो मला दुसऱ्या कशाचा वाटूच शकत नाही. आणि धाकटी घरात नव्हती.

मी पिशवी बाजूला केली आणि अनवाणी गेले.

पोरगी खणापुढे उभी होती. उजव्या हातात नागानोचं नाणं, डाव्या हातात नागानोचं नाणं. बाजूला खाकी पाकीट. मला बघून ती दचकली नाही. खुर्चीवर बसली आणि रडायला लागली, लहान पोरी रडतात तशी, नाक पुसत.

"बाबांनी सांगितलं होतं मावशीला कळू द्यायचं नाही."

मग सगळं बाहेर आलं. मी काठांबद्दल विचारलं त्या रविवारी घड्याळजी घरी गेले आणि जेवले नाहीत. दलालाने त्यांना फसवलं होतं. एकतीसमधली बारा खोटी. तो दलाल तोवर पत्ता बदलून मोकळा झालेला. पुढची दोन वर्षं त्यांनी ती बारा नाणी दुसरीकडून एकेक करून मिळवली, अस्सल, प्रत्येक पारखून. मला नवी का आणत नव्हते ते आत्ता कळलं. पहिलं, तोकीचं, त्यांनीच एका रविवारी मी चहा करायला आत गेले तेव्हा बदललं. मग दवाखाना. तिथे त्यांनी पाकीट लेकीच्या हातात दिलं. खांद्याचं निमित्त तिने माझ्याकडे पाहून शोधलं.

"तुमच्यापुढे मान खाली घालायची वेळ येऊ नये, एवढंच म्हणत होते," ती म्हणाली.

मला राग आला. अजून आहे. दोन वर्षं माझ्यासमोर बसले, चहा प्यायले, माझी चित्रं उलटून पाहिली. मी सरळ काठ किती नीट काढलाय म्हणून कौतुकही केलं एकदा. एका शब्दाने सांगायचं होतं. मी काय केलं असतं? बोलले असते, चार दिवस. मग पुढच्या रविवारी या म्हटलंच असतं ना. का त्यांना तेवढीही खात्री नव्हती?

हे मी पोरीला बोलले नाही. तिचा काय दोष? तिने पाकीट माझ्यापुढे धरलं. त्यात पाच होती आणि सहावं तिच्या हातात.

"घ्या मावशी. आता तुम्हीच ठेवा."

"मला नाही जमणार," मी म्हटलं. "त्यांनी तुला सांगितलंय ना? मग तूच कर. मी जाते झोपायला."

आणि गेले. पालथी पडले, गार झालेली पिशवी खांद्यावर ओढून घेतली. बाहेर खणात एकेक नाणं बसल्याचा आवाज येत होता. सहा मोजले. मग खण बंद झाला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटीचा फोन लागतो पण ती उचलत नाही. बारा वेळा केला. तेराव्यांदा मैत्रिणीने उचलला, म्हणाली, "तिला बोलायचं नाही. आणि मला विचाराल तर बरोबर आहे तिचं."

मी फोन ठेवला.

२३ फेब्रुवारी, रविवार

तलावावर गेले. आयुष्यात पहिल्यांदा. आत पाय ठेवला आणि तो वास आला, भपकन, भिंतीपासून छतापर्यंत तोच. कडेच्या बाकावर बसले. पाण्यात दहा-बारा डोकी, सगळी सारखीच टोप्यांमुळे. तिला शोधायला वेळ लागला. त्या फोटोखेरीज मी तिला टोपीत कुठे पाहिलं होतं?

ती पोहत माझ्या बाजूच्या कठड्याशी आली, चष्मा वर केला, मला पाहिलं, आणि परत वळून गेली. पलीकडे पोचली, फिरली, पुन्हा आली. या खेपेला कठडा धरून थांबली. धाप लागली होती.

मी बाकावरून उठले, गुडघे टेकून कठड्याशी बसले. साडी भिजली.

"सगळं कळलं मला," म्हटलं. "लेकीने सांगितलं."

"बरं झालं."

तिच्या आवाजात नवल नव्हतं. मला ते कळायला एक क्षण लागला.

"तुला माहीत होतं?"

"डिसेंबरपासून. मी केस विंचरत बाहेर आले तर पोरगी खणात हात घालून. मी बकोटच धरलं होतं तिचं. मग तिने पाकीट दाखवलं, त्यांच्या हाताने लिहिलेली यादी दाखवली. पाया पडली गं माझ्या."

"आणि मी तुला चोर म्हटलं तेव्हा? एक शब्द बोलली असतीस तर..."

"तर कुणाचं नाव घ्यावं लागलं असतं ताई?" ती म्हणाली. "तू त्या माणसाबद्दल बोलताना कशी दिसतेस ते तुला माहीत नाही. मला माहीत आहे. ते मी माझ्या तोंडाने मोडायचं? त्यापेक्षा चोर बरी."

शेजारून कुणीतरी पाणी उडवत गेलं. माफ कर म्हटलं शेवटी. म्हणजे म्हटलं असावं. तिने मान हलवली.

"घरी चल."

"आत्ता नाही."

मी उठायला लागले. तिला ते दिसलं असणार, कारण ती थोडी हसली.

"अजून सहा फेऱ्या राहिल्यात म्हणून म्हणतेय. मास्तर नाव लिहून घेतात. आणि सुटकेस तू उचलायचीस. खांदा बरा झालाय ना तुझा?"

तिने चष्मा खाली ओढला आणि भिंतीला पाय मारून निघाली. तिला नीट येत नाही अजून. डावा हात अर्धवट पडतो आणि दर चौथ्या हाताला मान फार वर निघते, बुडत्या माणसासारखी. पलीकडच्या कडेला पोचेपर्यंत मी श्वास धरून होते. पोचली. वळली. मी पाण्यात पाय सोडले आणि तिथेच बसून राहिले, तिच्या पाच फेऱ्या होईपर्यंत, सहावी होईपर्यंत.